गाडीला घातलेलं दुपटं

जुईचं एकच म्हणणं होतं, गाडी तेवढी पुलावर चढली पाहिजे. (घरातली मोठी संकटं अशा 'एकच म्हणण्या'तून जन्माला येतात, हे तिला नंतर कळलं. तिला सगळं नंतरच कळतं.)

लालबागच्या चाळीतून निघून करी रोडचा पूल ओलांडला की वरदची शाळा. पण पुढे टाकीवर सव्वाचार वर्षांचा वरद, मागे जुई, तिच्या मांडीवर दप्तर, डबा, पाण्याच्या दोन बाटल्या आणि 'असू दे' म्हणून घेतलेला कपड्यांचा जादा जोड. एवढं लादल्यावर तिच्या नवऱ्याची, गंधारची, कॉलेजच्या काळातली मोटारसायकल पुलावर अशी धापा टाकायची, की शेजारून चालणाऱ्या कोळणी टोपली घेऊन पुढे जायच्या. शाळेचं फाटक साडेसातला बंद. आणि शुक्रवारी प्रार्थनेनंतर माइकवर सुविचार सांगायची पाळी वरदची! आठवडाभर तो आंघोळीचा मग तोंडाशी धरून तालीम करत होता.

"मोठा पिस्टन टाकू या का?" गंधारने विचारलं. दहा वर्षं तो या परवानगीचीच वाट बघत होता.

गॅरेजवाला हितेंद्र सरळ माणूस. "वहिनी, पॉवर फुकट येत नाय. गाडी तापणार, आवाज करणार, पेट्रोल ढोसणार."

"पण चढेल ना?"

"चढेल काय, उडेल!"

जुईने फक्त 'चढेल' ऐकलं.

बुधवारी गाडी घरी आली. गंधारने किक मारताच तळमजल्यावरचे कमलाकांत आजोबा दाढीचा साबण तोंडावर घेऊनच बाहेर धावले. "अरे गंधार, विमानतळ इकडे हलवला काय रे?"

जुईचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने इंजिनाला बोट लावून बघितलं होतं आणि ते बोट आता तोंडात होतं. तवा परवडला! आणि वरदचा पाय तिथून चार बोटांवर.

मग गुरुवारी रात्री तिने तोड काढली. वरदचं तान्हेपणीचं जाड, चार पदरी दुपटं इंजिनाभोवती गुंडाळलं आणि परकराच्या नाडीने गच्च बांधलं. पाय भाजणार नाही, आवाज दबेल, आजोबांची तक्रारही मिटेल. स्वतःवर इतकी खूश ती बारावीच्या निकालानंतर झाली नव्हती.

शुक्रवारी सकाळी गंधारने ते पाहिलं. "अगं, त्याला हवा लागते..."

"आपल्या खोलीत येते का हवा? जगतोय ना आपण?"

गंधारने किक मारली. (सकाळी सात वाजता तो वाद घालत नाही. लग्नातून एवढं तरी शिकला आहे.)

गाडी पुलावर खरंच उडाली. मध्यावर करपल्याचा वास आला. "कुणाचं तरी दूध लागलं वाटतं," जुई म्हणाली. तेवढ्यात इंजिन कण्हलं, चाक अडलं आणि गाडी जागीच थांबली. दुपट्यातून धूर येत होता.

शाळा समोर दिसत होती. सात पंचवीस झाले होते. धावत गेलं असतं तर पोचले असते. पण जुईने आधी वरदचा बूट काढला, मोजा काढला, पाय तपासला. मग दुसराही. मग पुन्हा पहिला. पायांना काही झालं नव्हतं. फाटक बंद झालं होतं.

"सोमवारी देते त्याला पाळी," टीचर म्हणाल्या. "पण वेळेवर आणा हं." वरद रडलाच नाही. घरी येऊन आंघोळीचा मग उलटा ठेवून बसला. त्यापेक्षा रडला असता तर बरं, असं जुईला वाटलं.

हितेंद्रने काळं पडलेलं दुपटं वरदसमोरच दोन बोटांत धरलं. "वहिनी, हे इंजिन हवेवर गार होतं. तुम्ही तर त्याला बाळंतिणीसारखं गुंडाळलंत! सगळं जाम झालं. आता जुनाच पिस्टन बसवतो."

सोमवारी कमलाकांत आजोबा दारात हजर. "मी रोज पुलावरनं फिरायला जातो. चल रे वरद, पायी." पंधरा मिनिटांत शाळा! जुई पिशवी घेऊन मागोमाग, फाटकाशी उभी.

वरद माइकपुढे गेला. तोंड लालबुंद, कपाळावर घाम. अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी. (फेब्रुवारी होता. पुलावर वारा असतो.) वरदने माइक दोन्ही हातांनी धरला.

"टीचर, आधी हे काढा," लाऊडस्पीकरवरून आवाज घुमला. "आईने गुंडाळलंय. मीपण जाम होईन."

जुईने हातात तयार ठेवलेला मफलर हळूच पिशवीत कोंबला.