टेलिव्हिजन तालीम

दस्तगीर वस्ताद एकदम कधी थांबत नसत. माझ्या दारात थांबायचं असलं, तर ते चार घरं आधीपासून थांबायला लागत. पाऊल लहान लहान होत जाई आणि उंबऱ्यापाशी येईतो चालणं कुठे संपलं, उभं राहणं कुठे सुरू झालं, हे सांगता येत नसे. निघतानाही तेच. "येतो, मास्तर" म्हणाल्यावर आपण आत वळावं, तर ते अजून निघतच असत. घाईच्या माणसाने त्यांच्याबरोबर मंडईत जाऊ नये.

याचं मूळ त्यांच्या धंद्यात होतं. कोल्हापुरात सिनेमे निघायचे त्या काळात त्यांनी एका स्टुडिओत तीस वर्षं ट्रॉली ढकलली. ट्रॉली म्हणजे रुळांवरचा चार चाकांचा गाडा. त्यावर कॅमेरा, कॅमेऱ्याशी कॅमेरामन, आणि सगळ्यांच्या मागे, कुणालाच न दिसणारे, दस्तगीर मुल्ला. "निघाली कवा कळाय नको, थांबली कवा कळाय नको," एवढंच त्यांचं शास्त्र. ते ट्रॉलीपुरतं ठेवलं असतं तर बरं होतं. पण झटका हा त्यांचा जन्माचा वैरी. चहाचा कपही ते बशीत ठेवत नसत, उतरवत असत. चहा तोवर गार होई.

पुढे सिनेमे कमी झाले. स्टुडिओत शूटिंगच्या मुहूर्तांऐवजी लग्नाचे मुहूर्त लागू लागले, आणि नवरानवरीला ट्रॉलीची गरज नसते. वस्तादांनी एक जुनी ट्रॉली आणि वीस हात रूळ मालकांकडून मागून आणले, आमच्या गल्लीत मांडले आणि दारावर फळा लावला: 'टेलिव्हिजन तालीम'. त्या वेळी टेलिव्हिजन मुंबईत होता. आमच्याकडे तो बघून आलेला माणूस बघायलासुद्धा गर्दी झाली असती.

"वस्ताद, गावात टीव्ही नाही, आणि तुम्ही शिकवणार काय?" मी विचारलं.

"आल्याव शिकवाय बसलं तर ढकलणार कोण, मास्तर? तुमी काय परीक्षेच्या दिवशी धडा शिकवता व्हय?"

मी बऱ्याचदा तेच करत असे.

तालीम म्हणजे शिक्षण, आणि तालीम म्हणजे नाटक-सिनेमातला सराव. वस्तादांच्या मनात हे दोन अर्थ होते. कोल्हापुरात तिसराच अर्थ आधी लागतो, हे ते विसरले. आठवड्याच्या आत मुरगूडहून एक धिप्पाड गडी दारात उभा राहिला. खांद्यावर वळकटी, हातात तुपाचा डबा. नाव आनंदा.

"कुस्तीचा हौदा कुठं हाय, वस्ताद?"

"हौदा न्हाय. रूळ हायत."

"आनि माती?"

"माती तुझ्या डोक्यात. फळा वाचलास का न्हाय?"

"वाचला की. टेलिव्हिजनवर कुस्ती दावणार हायत म्हनं. मी सगळ्या गावाला सांगून आलोय."

"कुस्ती हाय," वस्ताद म्हणाले. "पर ती दिसायची न्हाय."

आनंदाने बराच विचार केला. तो राहिला, पण ते वस्तादांचं म्हणणं पटलं म्हणून नव्हे. गावाला सांगून आलेल्या माणसाला तुपाचा डबा घेऊन परत जाणं अवघड होतं.

अभ्यासक्रम एका पेल्याचा होता. काठोकाठ दुधाचा पेला ट्रॉलीवर ठेवायचा आणि ट्रॉली या टोकापासून त्या टोकाला न्यायची. थेंब सांडला नाही, तर दूध आनंदाचं. सांडला, तर वस्तादांच्या मांजराचं. पहिल्या दिवशी आनंदाने डाव टाकावा तसा ट्रॉलीला खांदा दिला. पेला समोरच्या शिंप्याच्या दुकानात गेला.

"अरं, चीत करायची न्हाय तिला," वस्ताद कळवळून म्हणाले. "झोपलेलं पोर पाळण्यातनं उचलतोस तसं."

"माझं लगीन झाल्यालं न्हाय, वस्ताद."

तीन महिन्यांत मांजर पैलवान झालं आणि आनंदा वाळला. चौथ्या महिन्यात मांजर वाळायला लागलं.

तेवढ्यात तालमीचं उद्घाटन झालं. ते इतक्या उशिरा झालं, कारण नगरसेवकांना त्याआधी सवड नव्हती. त्यांना मानाची जागा म्हणून ट्रॉलीवर खुर्ची दिली होती. भाषण करताना डोळे मिटायची त्यांना सवय. टेलिव्हिजन ही काय चीज आहे हे त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे ते त्यावर पुष्कळ बोलू शकले. राष्ट्र, तंत्रज्ञान, तरुण पिढी असं करत करत अर्धा तास झाला, तेव्हा वस्तादांनी आनंदाकडे नुसतं बघितलं. आनंदाने ट्रॉलीला हात लावला. साहेबांनी "जय महाराष्ट्र" म्हणून डोळे उघडले, तर श्रोते पार मागे राहिले होते आणि समोर गवळ्याच्या दोन म्हशी रवंथ करत होत्या.

"निघाली कवा?" त्यांनी विचारलं.

वस्तादांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं चोख प्रमाणपत्र त्यांना कुणी दिलं नव्हतं.

मग मुंबईच्या टीव्ही केंद्रात मदतनीस हवे असल्याची जाहिरात आली. वस्ताद माझ्याकडे दाखला लिहून घ्यायला आले. मी दोन पानी मसुदा केला. त्यांनी तो ऐकला आणि बाजूला सारला.

"एवढं नको, मास्तर. 'ह्याच्या हातनं दूध सांडत न्हाय,' एवढंच लिवा. कळणाराला कळंल."

मी तेवढंच लिहिलं. आनंदा मुंबईला गेला आणि नोकरी लागल्याची तार आली. वस्तादांनी गल्लीभर पेढे वाटले. दुपारी सुरुवात करून ते संध्याकाळी माझ्या दारापर्यंत पोचले.

महिन्याने मला आनंदाचं पत्र आलं. 'मास्तर, हितं ट्रॉलीला मोठ्या शाळंत शिकल्याली मानसं हायत. साहेबानं दाखला वाचला. मग माझं खांदं बघितलं आनि गेटावर हुबा केला. वस्तादास्नी सांगू नका. त्यांचा येकच चेला हाय.' मी पत्र ट्रंकेत तळाशी ठेवलं. त्यानंतर वस्ताद "आमचा पैलवान टीव्हीत हाय" असं कुणाला सांगू लागले, की मी चष्मा पुसायला काढत असे.

काही वर्षांनी टीव्ही कोल्हापुरातही दिसू लागला, आणि गल्लीतला पहिला संच माझ्या घरी आला. त्या संध्याकाळी आमच्या बाहेरच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एक बाई भावगीत म्हणत होत्या. सगळे बाईंकडे बघत होते. वस्ताद खुर्चीच्या कडेवर बसून, कुठेच न बघता, काहीतरी बघत होते. लांबवर दिसणाऱ्या बाई कधी जवळ आल्या ते कळलं नाही. त्यांचा चेहरा पडद्यावर भरला आणि तिथेच राहिला.

"शाबास," वस्ताद हळूच म्हणाले. "थांबली कशी बघा."

गल्लीतल्या कुणीतरी विचारलं, "आनंदा का वो, वस्ताद?" ते नुसते हसले. मी चष्मा पुसायला काढला.

सगळे गेल्यावर मी त्यांना दारापर्यंत पोचवायला गेलो. गप्प राहणं मला जड जाऊ लागलं होतं. "वस्ताद, आनंदाचं एक..."

"गेटाव हाय. ठावं हाय मला," ते म्हणाले. "तवाच ईदला शिरखुर्मा खायाला आलता, रडून सांगितलं. म्हणला, दाखल्याचं मास्तरास्नी सांगू नका. त्यांनी लिवल्याला दाखला हासण्याव गेला, त्यास्नी वाईट वाटंल."

मी विचारलं, "मग शाबास कुणाला म्हणालात?"

"ज्यानं ढकलली त्याला. कोण का असंना." ते चपला चाचपत राहिले. "तीस वर्सं ढकलली मी. लोकं हासली, रडली, नटाला हार घातलं. थांबल्याली कुणाला दिसलीच न्हाय. दिसाय नकोच म्हणा, त्येच तर काम हाय. पर तिकडं त्यो गडी आता एकटाच रूळ गोळा करत आसंल. कुणीतरी म्हणाय पायजे की न्हाय?"

"येतो, मास्तर," म्हणाले आणि हळूहळू निघाले.

त्या दिवशी मी आत वळलो नाही. दारातच उभा राहून बघत होतो. त्यांचं घर चार घरं पुढे होतं. म्हणजे निघता निघताच ते थांबायला लागले असणार. मी नीट लक्ष ठेवलं होतं, तरी ते थांबले कधी, ते मला कळलं नाही.