गफ्फारभाई गादीवाले

माझ्या पलंगावर कसली गादी आहे, हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. त्यात काय लपवायचं, असं तुम्ही म्हणाल. पण तुम्ही आमच्या नेरला राहत नाही, आणि गफ्फारभाई तुमचे शेजारी नाहीत.

गफ्फारभाई कोणाच्याही घरी गेले की पाण्याचा ग्लास हातात घ्यायच्या आधी गादी दाबून बघतात. सोयरिकीच्या बैठकीत बघतात, सांत्वनाला गेले तरी बघतात. एकदा बँकेच्या साहेबानं त्यांना सोफ्यावर बसवलं, तर यांनी उशीच्या पोटात बोट खुपसलं. "साहेब, हवेवर कर्ज देत नाही म्हन्ता, अन् बसता हवेवरच?"

बसस्टँडमागे त्यांचा गादी कारखाना. कारखाना म्हणजे रुई पिंजायचं एक मशीन, एक लांब सुई आणि भुवयांपर्यंत पांढरे झालेले गफ्फारभाई. "कसे आहात" असं ते कधी विचारत नाहीत. "रातची झोप कशी झाली?" हे विचारतात, आणि उत्तर ऐकून समोरच्याची गादी किती जुनी ते सांगतात.

फोमच्या गाद्या खोक्यात गुंडाळून घरपोच येऊ लागल्या, तेव्हा हा माणूस पेटला. "कापसाच्या जिल्ह्यात राह्यता अन् पावावर झोपता? उद्या चहात बुडवून खासान." दुकानासमोरून लांबट खोकं जाताना दिसलं की पार्सलवाल्याला थांबवून विचारायचे, मयत कोणाची?

माझं खोकं मी शुक्रवारी, ते नमाजाला गेल्यावर, मागच्या दारानं आत घेतलं.

आणि तरी त्यांच्या ओट्यावर चहा पिताना मान डोलवायला मी सगळ्यांच्या पुढे. कापूस तो कापूसच, हे गल्लीतल्या ज्या ज्या माणसानं त्यांना ऐकवलं, त्याच्या घरी मी स्वतः फोम पाहिलाय. मला संताप येतो तो याचा. नव्या गादीनं त्यांचा धंदा बसला, असं लोक हळहळत सांगतात. साफ खोटं. निम्मा धंदा आमच्या कौतुकानं बसला. गिऱ्हाईक सरळ तोंडावर भांडलं असतं, तर त्यांना वेळेत कळलं तरी असतं.

त्यांच्या मुलीला, रुखसानाला, ते कळलं होतं. ती खोळी शिवायची. जड गादी आता कोणाला उचलवत नाही, ती पुन्हा पुन्हा पिंजून आणायला कोणाला वेळ नाही, हे ती रोज बघत होती. पातळ, घडीची, पण कापसाचीच गादी करू, मोबाइलवर दाखवू, पार्सलनं पाठवू, असं तिचं म्हणणं. त्यासाठी शिलाईचं मोठं मशीन घ्यावं लागणार होतं. बापलेकीचं त्यावरून चांगलंच वाजलं. शेवटी गफ्फारभाई माझ्याकडे आले. मी मास्तर, शिकलेला माणूस.

"सर, खरं सांगा. पोरगी म्हन्ते तसं करू काय? का लोक वापस येतीन?"

आतल्या खोलीत, चादरीखाली, माझी फोमची गादी. पोरगी बरोबर होती आणि मला ते माहीत होतं. पण तसं म्हणालो असतो, तर तुमची गादी कसली, हा पुढचा प्रश्न आला असता, आणि मग ते आत येऊन गादी दाबून बघणार. मी म्हणालो, "येतील ना. तुमच्या हातचं काम दुसरीकडे कुठे मिळतं?"

ते खूश होऊन गेले. मशीन आलं नाही. लोकही वापस आले नाहीत. रुखसाना आता रोज बसनं लोहाऱ्याला जाते, दुसऱ्याच्या कारखान्यात शिवते. गफ्फारभाई दुकानात एकटे बसतात. एखादी उशी आली तर पिंजतात.

मागच्या महिन्यात माझी कंबर धरली. ते बघायला आले, पलंगाच्या कडेला बसले, आणि सवयीनं हात चादरीवर गेला. दाबला. उचलला. पडलेला खड्डा सावकाश वर आला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी डोळे मिटले. सुटावा, असंच वाटत होतं.

"झोप लागते नं, सर?"

"लागते."

"मंग झालं."

दुसऱ्या दिवशी रुखसाना कामावर जाता जाता एक उशी देऊन गेली. नवी रुई, नवी खोळ. "अब्बा म्हने, मान तरी कापसावर राहू द्या."

त्या उशीवर मी झोपतो. मशीन घ्या, पोरगी बरोबर सांगते, एवढं उत्तर मी त्यांना अजून दिलेलं नाही. बापाचं आणि लेकीचं, दोघांचंही ते देणं माझ्याकडे बाकी आहे.