नळजोडाची न्याय्य क्रमवारी

नळाला पाणी येते की नाही हा पुढचा प्रश्न. आधी नळ मिळावा लागतो, आणि त्यासाठी सोलापुरात रांग होती. ती रांग न्याय्य असावी म्हणून एका कार्यालयाने १९७४ साली संगणक आणला आणि तो चालवायला विरुपाक्ष हत्तरकीला पुण्याहून शिकवून आणले. ते पुण्याचे शिक्षण विरुपाक्षच्या चालण्यातही दिसू लागले होते.

अर्जदारांच्या नोंदी तारखेप्रमाणे लावणे म्हणजे कोबोल या संगणकाच्या भाषेतल्या चार ओळी. त्याने त्या चहा निवायच्या आत लिहिल्या. यादी पाहून कार्यालयाचे प्रमुख गुरुबसप्पा साहेब यांचा चेहरा पडला.

"नगरसेवकांचे मेहुणे टांगेवाल्याच्या मागं? ही मशीन आहे का थट्टा?"

"सर, तारखेप्रमाणं..."

"तारीख शिपायालाही कळते. दोन अर्ज समोर आले की कोण पुढं, हे मशीनला उमगलं पाहिजे."

हे आव्हान विरुपाक्षला भारी आवडले. त्याने नियम लिहिले. मेहुणे कंत्राटदारांच्या पुढे. कंत्राटदार डॉक्टरांच्या पुढे, कारण कार्यालयाचे छप्पर गळत होते. डॉक्टर मेहुण्यांच्या पुढे, कारण साहेबांना ब्लडप्रेशर होते. प्रत्येक नियम आपापल्या जागी रास्त होता आणि प्रत्येकावर सही होती. शेवटची ओळ मात्र त्याने कुणाला न विचारता घातली: शांतम्मा हत्तरकी सर्वांच्या पुढे. ही त्याची आई. तिचा अर्ज त्याने मागच्याच आठवड्यात भरला होता. सार्वजनिक नळावर घागर घेऊन ताटकळणाऱ्या आईसाठी एवढेही करायचे नाही तर शिकायचे कशाला, असे त्याला अगदी मनापासून वाटले.

कुणावर अन्याय नको म्हणून यंत्राने प्रत्येकाला प्रत्येकाशी ताडून पाहायचे, चूक दिसली की जागा बदलायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, अशी सोय होती. कंत्राटदार डॉक्टरांच्या पुढे गेले. डॉक्टर मेहुण्यांच्या पुढे गेले. मेहुणे कंत्राटदारांच्या पुढे गेले, आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. ते थांबेचना.

साहेब खूश झाले. जेवणाच्या सुट्टीतही काम करणारा कर्मचारी त्यांनी प्रथमच पाहिला होता. वर अहवाल गेला: क्रमवारीचे काम प्रगतिपथावर असून ते पूर्ण होईपर्यंत एकही नळजोड देता येणार नाही.

उन्हाळा लागला तेव्हा विरुपाक्षने धीर करून सांगितले, तीन नियमांपैकी एक काढावा लागेल. साहेबांनी मेहुणे, कंत्राटदार आणि डॉक्टर अशा तिघांनाही विचारले. तिघांनीही मोठ्या मनाने दुसऱ्याचा नियम काढायला संमती दिली.

त्या दिवशी शांतम्मा घागर टेकवून कंबर धरूनच बसली. "येवढा शिकलास, अन् येक नळ देववंना व्हय रे तुला?"

"अव्वा, तुजंच नाव वर हाय. पर यादीच संपंना."

"मग तारकेपरमानं लाव की! ज्याचा अर्ज आदी, त्याला नळ आदी. लई सोपं हाय."

विरुपाक्षला स्वतःची लाज वाटली. "उद्याच लावतो. पर मग आपलं नाव समद्यांच्या मागं जातंय."

शांतम्माने उठून टेकवलेली घागर पुन्हा कडेवर घेतली.

"ऱ्हाऊ दे मग," ती म्हणाली. "चालतंय तवर चालू दे मशीन."

तारखेप्रमाणे लावा, असे तुम्हीही मघापासून मनात म्हणत आहात, वाचकहो. अगदी रास्त आहे. फक्त तुमचा अर्ज कधीचा, तेवढे सांगा.