कपाटामागची नोटीस

"लग्न म्हणजे शेवटी एक फाइलच. कागद चोख असले की झालं!" असं म्हणून मामांनी भाचीच्या नोंदणी लग्नाची सगळी जबाबदारी आपल्या अंगावर ओढून घेतली.

मामा निवृत्त लेखापरीक्षक. दुसऱ्यांच्या फायलींवर आक्षेप काढण्यात त्यांची उभी नोकरी सरली आणि निवृत्त झाल्यावर तेच काम त्यांनी घरी चालू ठेवलं. भाजीत मीठ कमी, दूधवाल्याचं माप कमी, शेजारच्या बाळाचं रडणं प्रमाणाबाहेर. मामी या कानाने ऐकत, त्या कानाने सोडून देत. संसार टिकला तो त्यामुळेच.

भाचीला मात्र असाच माणूस हवा होता, कारण एकही कागद चुकून चालणार नव्हतं. नवरदेव जहाजावर इंजिनियर. गुरुवारी लग्न आणि शुक्रवारी जहाज. गुरुवार हुकला, तर पुढची गाठ वर्षभराने.

मामांनी वयाचे दाखले, पत्त्याचे पुरावे, साक्षीदार, आधी लग्न झालेलं नाही अशी प्रतिज्ञापत्रं, सगळं गोळा केलं. कान नीट दिसत नाही म्हणून नवरदेवाला पुन्हा फोटो काढायला पिटाळलं. मग कार्यालयात लग्नाची नोटीस लागली. मुदतीत कोणी हरकत घेतली नाही की रस्ता मोकळा.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मामा नोटीस डोळ्यांनी पाहायला गेले. पाहतात तो काय, नोटीस फलकावर, आणि फलकासमोर हे भलंमोठं लोखंडी कपाट! मामांनी टोपी काढली, कपाट आणि भिंतीच्या फटीत डोकं घातलं आणि नोटीस शेवटपर्यंत वाचली. सगळं बरोबर होतं. दुसरा कोणी असता तर घरी जाऊन झोपला असता. पण नोटीस सर्वांना दिसेल अशी लावायची, असा नियम होता, आणि नियम मोडलेला पाहून मामांचा हात शिवशिवायला लागला. त्यांनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला, खिडकीत दिला, पोच घेतली आणि शीळ घालत घरी आले.

गुरुवारी सगळे नव्या कपड्यांत कार्यालयात हजर झाले.

"आज लग्न होणार नाही," कारकून म्हणाला. "हरकत आली आहे."

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. नवरदेवाच्या आईने तिच्याकडे असं पाहिलं, की बिचारीला नसलेलं पूर्वायुष्य आठवायला लागलं.

"कोणाची हरकत?" होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं.

कारकुनाने कागद डोळ्यांजवळ नेला. "मुलीच्या मामांची."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"अहो, माझी हरकत लग्नाला नाही, कपाटाला आहे!" मामा म्हणाले.

"इथे कपाटाला हरकत घ्यायची सोय नाही. नोटिशीवर आली, ती लग्नावर धरतो."

"मग कपाट सरकवा."

"ते आमचं नाही. शेजारच्या खात्याचं आहे."

नवरदेवाने बाह्या सरसावल्या. तेवढ्यात विवाह अधिकारी बाहेर आल्या. "थांबा. कपाट आज सरकलं, म्हणजे नोटीस आजपासून दिसायला लागली. मग मुदतही आजपासूनच मोजावी लागेल."

"अगदी बरोबर!" मामांच्या तोंडून निघून गेलं.

मामींनी त्यांना कोपराने ढोसलं. भाचीचे डोळे भरून आले. "मामा, तो उद्या चाललाय हो."

आजवर कुठली फाइल मामांपुढे रडली नव्हती. "बाई, मी हरकत मागे घेतो," ते म्हणाले. "नोटीस दिसत होती."

"दिसत नाही असं तुम्हीच लिहिलंय."

"पण मी वाचली ना!"

"कशी?"

"ही अशी!" म्हणत मामांनी फटीत डोकं खुपसलं आणि वराच्या नावापासून वधूच्या पत्त्यापर्यंत सगळी नोटीस खणखणीत आवाजात वाचून दाखवली.

"वाचता येते," अधिकारी बाई म्हणाल्या. "हरकत निकाली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांचं डोकं मात्र बाहेर येईना. त्या दिवशी सहज बाहेर आलेले कान आज काही केल्या परत फिरायला तयार नव्हते. नवरदेव कपाटाला हात लावणार, तोच आतून आवाज आला, "खबरदार! आधी सह्या उरका. कपाट हललं की पुन्हा कोणीतरी मुदत काढेल!"

मग टेबल कपाटाशी आणलं. वधूवरांनी सह्या केल्या. साक्षीदार म्हणून मामांचा हात मागे आला, त्यात पेन दिलं, वही खाली धरली आणि मामांनी अंदाजाने सही ठोकली.

"ही सही नमुन्याशी जुळत नाही," कारकून पुटपुटला.

"जुळणार नाहीच," आतून मामा म्हणाले. "पण आज चालवून घ्या."

शिक्का मारण्याआधी अधिकारी बाईंनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कोणाची काही हरकत?"

सगळे कपाटाकडे बघायला लागले.

"नाही," कपाटामागून बारीक आवाज आला. "माझी काहीही हरकत नाही."

शिक्का बसला. नवरदेव धावत कपाटाकडे निघाला, तशी मामींनी त्याची बाही धरली.

"इतकी वर्षं संसार केला," त्या म्हणाल्या, "पण हे वाक्य आज पहिल्यांदा ऐकलं. थोडा वेळ राहू द्या त्यांना तिथे."