सोफाकाकांचा आगाऊ कर

माणसाला उद्याचे काही कळत नाही, असे थोर लोक फार वर्षांपासून सांगत आले आहेत. करखात्याला हे मान्य नाही. खात्याचे म्हणणे एवढेच, की ज्याला स्वतःचा धंदा करायचा आहे त्याने वर्षभरात आपण किती कमावणार हे वर्षाच्या सुरुवातीलाच ओळखावे आणि त्यावरचा कर चार हप्त्यांत, हसतमुखाने, कमाईच्या पुढे पुढे धावत भरावा. या योजनेला आगाऊ कर म्हणतात. (यातला आगाऊ कोण, याचा खुलासा नियमांत नाही.)

सोफाकाकांना हे ठाऊक नव्हते. वीस वर्षे ते फर्निचरच्या एका कारखान्यात सोफे शिवत होते. एके दिवशी मुकादमाने चहाची सुट्टी पाच मिनिटांनी कमी केली. काकांनी दाभणांची पिशवी काखेत मारली, लाँड्रीशेजारचा गाळा भाड्याने घेतला आणि 'येथे सोफे दुरुस्त होतील' अशी पाटी लावली. आता आपल्या डोक्यावर कोणी नाही, या आनंदात त्यांनी पहिल्या वर्षी भरपूर काम केले, त्याहून भरपूर चहा प्यायला आणि वर्ष संपताच होता तेवढा कर पै न पै भरून टाकला. त्यावर व्याजाची नोटीस आली.

"व्याज कसलं? मी सगळं वेळेत भरलंय," काका करसल्लागाराला म्हणाले.

"वेळेत भरलंत. वेळेआधी नाही भरलंत." सल्लागाराने नवा कागद पुढे ओढला. "बरं, या वर्षी किती कमावणार?"

"वर्ष संपलं की सांगतो."

"वर्ष संपल्यावर कोणीही सांगेल, काका. आत्ता सांगा. कमी सांगितलंत तर व्याज लागेल. जास्त सांगितलंत तर जादाचे परत मिळतील."

"कधी?"

"मिळतील," सल्लागार म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

काका हाडाचे कारागीर. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा त्यांचा बाणा. तेव्हा त्यांनी आठवडाभर गाळा बंद ठेवला आणि परिसरातल्या घराघरांत जाऊन प्रत्येक सोफा तळव्याने दाबून पाहिला. कोणता केव्हा दगा देणार, हे एकदा कळले की उत्पन्न कळणारच होते.

सदर पाहणीचे निष्कर्ष शास्त्रीय होते. शेकडा साठ सोफे टीव्हीच्या समोरच्या बाजूला आधी दबतात. घरात मांजर असल्यास ते घर पहिल्या हप्त्यात धरावे (दोन मांजरे असल्यास कापड आजच आणून ठेवावे). नव्या जोडप्याचा सोफा दोन वर्षे टिकतो, अबोला असल्यास सहा महिने, कारण मग त्यावर एकजण झोपतो. निवृत्त माणसांच्या घरी काम हमखास असते, पण ते करायला सोफा रिकामा मिळत नाही.

"तुमचा तिसऱ्या हप्त्यात जातो," काकांनी मेहुण्याला सांगितले.

"काय जातो, भावजी?"

"सोफा."

मेहुण्याने निमूटपणे पाण्याचा पेला पुढे केला.

सगळी बेरीज करून काकांनी आकडा कळवला आणि पहिला हप्ता भरला. पण पाहणीचा एक परिणाम त्यांच्या लक्षात आला नव्हता. आपला सोफा केव्हा जाणार हे कळल्यापासून लोक जपून बसू लागले. मुलांच्या उड्या बंद झाल्या. निवृत्त हेडमास्तर पेपर उभ्याने वाचू लागले. एका वहिनींनी तर मांजर माहेरी पाठवले. दुसऱ्या हप्त्याची तारीख आली तेव्हा गाळ्यात एकच स्टूल होते आणि ते काकांचे स्वतःचे होते.

"अंदाज खाली आणा," सल्लागार म्हणाला. "तशी सोय आहे."

"सरकारला एकदा आकडा सांगून बसलोय. आता माघार घेऊ?"

दुसरा हप्ता काकूंनी फ्रिजसाठी साठवलेल्या पैशांतून गेला. काकू रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. "तीस वर्षांत मला दिलेला एक तरी शब्द इतका पाळलात का हो?" एवढेच म्हणाल्या आणि नासलेले दूध मोरीत ओतायला गेल्या. काकांना त्या दिवशी जेवण गेले नाही.

तिसरा हप्ता जवळ आला तसे काका लोकांकडे पाहुणे म्हणून जाऊ लागले. ते बसत नसत, कोसळत. आपण काय करतोय हे त्यांना कळत होते. म्हणून कोसळताना ते डोळे मिटून घेत. मेहुण्याच्या सोफ्यावर ते तीनदा कोसळले. सोफा हू की चू करेना. शेवटी वैतागून त्यांनी तो उलटा केला आणि खालचे अस्तर पाहिले. दुहेरी टाका, शेवटी उलटी गाठ. कारखान्यात तशी गाठ एकच माणूस मारायचा आणि त्यात वेळ जातो म्हणून मुकादमाची बोलणीही तोच खायचा.

काका तिथेच फरशीवर बसले. त्यांना लाज वाटली आणि त्याच वेळी छातीही थोडी फुगली. दोन्ही एकदम सांभाळणे अवघड गेले.

"हा मी शिवलाय," ते म्हणाले. "हा नाही जायचा."

"मग मघापासून काय चाललं होतं?"

"मोडत होतो."

"का, भावजी?"

"कर भरलाय ना त्याच्यावर."

मेहुणा पोट धरून हसला आणि मग त्याने ही हकीकत भेटेल त्याला सांगितली. भावजींचा सोफा खुद्द भावजींना मोडता येत नाही! याहून मोठी जाहिरात कोणत्याही कारखान्याला परवडली नसती. चौथ्या हप्त्यापर्यंत गाळ्यासमोर नव्या सोफ्यांसाठी लोक नंबर लावून उभे होते. काकूंचा फ्रिज आला, तोही मोठा. कमाई अंदाजाच्या दुप्पट झाली.

त्यावर व्याजाची नोटीस आली.

"इतका चांगला धंदा होणार होता, तर आधी सांगायचं ना," सल्लागार नाराजीने म्हणाला.

काकांनी नोटिशीची घडी घालून ती खिशात ठेवली. "तुमचाही स्वतःचाच धंदा. तुमचा अंदाज जमतो?"

सल्लागाराने उठून दार लावून घेतले. "आजवर एकदाही नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "मी व्याज फीमध्येच धरतो."

काका विचार करत घरी आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी दरपत्रक बदलले. तेव्हापासून करखाते समाधानी आहे, सल्लागार समाधानी आहे, काका दुपारी तासभर झोपतात. व्याज दरवर्षी वेळच्या वेळी भरले जाते. ते नेमके कोण भरते, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर गेल्या वर्षी तुम्ही सोफ्याला नवे कापड लावून घेतलेत ते आठवा. मीटरभर कापडाला एवढे कसे, असे तुम्ही विचारणार होतात. मग म्हणालात, जाऊ दे, माणूस प्रामाणिक आहे.