सत्तावीस टीव्ही आणि मालक कुणीच नाही

बँकेचे साहेब दुकान तपासायला आले, तेव्हा दिलावरभाई सत्तावीस टीव्हींवरची धूळ पुसत होते. त्यातला एकही त्यांचा नव्हता. दुकान इलेक्ट्रॉनिक्सचं, पण विकायचा माल म्हणजे दोन मिक्सर आणि एक इस्त्री. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला, ज्या पतसंस्थेच्या जिवावर ते माल भरत तिला कुलूप लागलं, आणि दिवाळी होताच अर्धं घाटनांदूर ऊसतोडीला गेलं. बंद घरात उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून जो तो आपला टीव्ही भाईंकडे ठेवून गेला. भाईंना नाही म्हणता येत नाही, हे गावाला पक्कं ठाऊक होतं.

बायको रहिमाबी वारल्यापासून भाईंना घरात बोलायला माणूस नव्हतं, आणि आता गावातही नव्हतं. सरकारी हमीचं कर्ज मिळालं तर गुढीपाडव्याला माणसं परततील तेव्हा दुकानात कूलर असतील. नाही मिळालं तर शटर ओढून लातूरला लेकीकडे जायचं, असं ठरलं होतं. म्हणून साहेबांच्या चहात त्यांनी दुप्पट साखर घातली.

"माल तर भरपूर आहे," साहेब म्हणाले. "मग अर्जात तीनच वस्तू कशा?"

"टीव्ही लोकांचे हायत, साहेब. ऊसतोडीला जाताना ठिवून गेलेत."

"पुरावा?"

पुरावा दोनशे किलोमीटरवर ऊस तोडत होता. भाईंनी फोन लावून स्पीकरवर टाकला. "शहादेव, बँकेचे साहेब आलेत. तुजा टीव्ही माज्याकडं हाय का न्हाई, सांग बरं."

शहादेवच्या दारात बँकेचा माणूस एकदाच चौकशीला आला होता, आणि जाताना त्याची मोटारसायकल घेऊन गेला होता.

"कुनाचा टीव्ही? आमच्याकडं कवाच टीव्ही नव्हता, साहेब!"

फोन बंद झाला. भाई दुसरा नंबर शोधेपर्यंत शहादेवनं सगळ्या टोळीला सावध केलं.

"मला डोळ्यानं दिसत न्हाई, टीव्ही काय करू?" धर्मराज म्हणाला.

मंजुळाबाई तर एक पाऊल पुढे गेली. "समदे दिलावरभाईचेच हायती! लई मोठा माणूस हाय त्यो!"

भाई 'न्हाई, न्हाई' करत मान हलवू लागले. तरी दोन महिन्यांनी हे आवाज कानावर पडले होते आणि मनातून बरंही वाटत होतं. त्यांनी आणखी चार फोन लावले, तेवढे लावायची गरज नव्हती.

साहेबांचा चेहरा खुलला. "उगाच लपवता, भाई. कर्ज मंजूर समजा! फक्त इथं सही करा. दुकानातला सगळा माल बँकेकडे तारण."

भाईंनी पेन हातात घेतलं. मंजुळाबाईच्या टीव्हीवर तिनं जाताना लावलेलं हळदीकुंकू अजून होतं. त्यांनी पेन परत दिलं.

"ही सही मला जमायची न्हाई."

"अहो, मालक तुम्हीच ना?"

"व्हय. पर पाडव्यापर्यंतच."

साहेबांनी अर्जावर 'गरज दिसत नाही' असं लिहिलं आणि चहा अर्धा टाकून गेले.

संध्याकाळी शहादेवचा फोन आला. तो कुजबुजत होता. "गेला का त्यो? टीव्ही नेला?"

"न्हाई नेला."

"आन कर्ज?"

"त्येबी न्हाई."

"बगा, आमी सांबाळून घेतलं म्हनून टीव्ही तरी वाचला!"

एरवी भाईंनी त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. पण मग त्यानं फोन ठेवला असता. "लई उपकार झाले, बाबा," ते म्हणाले. "तुजा टीव्ही लावून बगू का?"

"लावा की! पालात समदी बसलोत. मालिकेचा टाइम झालाय."

भाईंनी टीव्ही लावला आणि फोन जवळ धरला.

"आता कोन रडतंय, भाई?"

"सून. थांब, सासूबी रडायच्या बेतात हाय."

बऱ्याच वेळानं शहादेवनं विचारलं, "संपली का? सकाळी लवकर फडात जायचंय."

"आत्ताच कुटं? सासूला आता चक्कर आलीय. ठिवू नको रं फोन," भाई म्हणाले.

मालिका केव्हाच संपली होती.