पंचनाम्यातला काळा दगड

सयाजीनं केलेला दगड खोटा आहे हे जो ओळखून दाखवेल, त्याला तो हातातलं कडं काढून देणार होता. तसं तो शाहूपुरीतल्या चहाच्या गाड्यावर बोलला होता, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या आपल्या शेडात तर रोजच बोलायचा, आणि एकदा कुणाच्या मयतीला गेला असताना स्मशानाच्या फाटकापाशीही बोलून बसला होता. हातात कडं नव्हतं, पण द्यायची वेळ येणारच नाही म्हटल्यावर ते असायची गरज काय?

माल होता सिमेंटचा. सिमेंट, क्रशरची वाळू, बारीक खडी आणि काळा रंग असं सगळं कालवून रबराच्या साच्यात ओतायचं, टेबल थरथरवून आतली हवा काढायची, दुसऱ्या दिवशी साचा सोलायचा आणि पंधरा दिवस पाणी मारायचं. मग जो ठोकळा हातात यायचा, तो बघून वाटावं की पाथरवट आत्ताच छिन्नी ठेवून चहाला गेलाय.

आता साचा करायचा म्हणजे समोर एक तरी खरा दगड लागतोच. सयाजीनं त्यासाठी खाणी पालथ्या घातल्या, पण मनासारखा दगड मिळेना. शेवटी तो घरामागच्या परड्यात मिळाला. त्याची आई झुंबरबाई ज्याच्यावर पन्नास वर्षं धुणं आपटत होती तो. दीड फूट लांब, फूटभर रुंद, पाण्यानं आणि साबणानं झिजून देखणा झालेला. आई शेतात गेलेली बघून यानं तो भर दुपारी गाडीवर टाकून पळवला. साचा एक नंबर निघाला, पण साचा सोलताना दगडाचे दोन तुकडे झाले. आता दोन तुकडे आईला कुठल्या तोंडानं नेऊन दाखवायचे? तो गप्प बसला. दगड चोरीला गेला असं झुंबरबाईंनी परस्पर ठरवलं आणि चोर कोण हेही त्यांनीच ठरवलं. शेजारच्या राजमतीकाकूंनी त्याच आठवड्यात परड्यात फरशी घातली होती. फरशीखाली भर म्हणून माझा दगड गाडला, असं म्हणून झुंबरबाईंनी चाळीस वर्षांचा शेजार तोडला. काकूंनी पाठवलेली आंबिलीची वाटी तशीच परत गेली. हे सगळं सयाजी आठ महिने जेवताना ऐकत होता आणि मान खाली घालून भाकरी मोडत होता.

शेड चालायला मात्र ऑर्डर लागते. सासरे गणपतराव यांचं शाहूपुरीत पशुखाद्याचं दुकान. त्यांनी जावयाला समोर बसवून सांगितलं होतं, "पहिली मोठी ऑर्डर पार पडली तर शेड तुमचं, तुम्ही शेडाचं. न्हाय पडली तर एक तारखेपासनं माझ्या दुकानात पेंड जोखायला यायचं." बायको क्रांती वडिलांच्या शेजारीच बसली होती आणि तिनं मान हलवली होती. सयाजीला सरकीच्या पेंडीच्या नुसत्या वासानं शिंका येतात. त्या दिवशी तर नुसतं नाव ऐकूनच दोन आल्या.

आणि ऑर्डर आली. नेसरीचे विजयसिंह, नवा बंगला, त्याच्या दर्शनी भिंतीला तीनशे दगड. रस्त्याच्या पलीकडं त्यांचा चुलतभाऊ अमरसिंह यानं गेल्या वर्षी खऱ्या काळ्या दगडाची भिंत घातली होती. तेव्हापासून विजयसिंहांना अन्न गोड लागत नव्हतं. खरा दगड परवडण्यातला नव्हता आणि अमरसिंहापेक्षा कमी दिसणंही परवडण्यातलं नव्हतं.

"सयाजीराव, अट एकच," ते म्हणाले. "गावात कुणाला कळता कामा न्हाय. सिमेंटचा हाय असं एक माणूस जरी म्हणालं, तरी सगळा माल परत. बिलावर पण सिमेंट लिहू नगा. हितं अमऱ्याची माणसं पोस्टातबी हायती."

सयाजीला यात अट दिसलीच नाही. त्याला सत्कार दिसला. त्यानं झोकात बिल लिहिलं : काळा दगड, घडीव, नग तीनशे.

माल निघायच्या सकाळी टेम्पोवाला कृष्णात भरलेली गाडी घेऊन घरावरून जेवणाचा डबा न्यायला आला, आणि नेसरी हे नाव ऐकून झुंबरबाई गाठोडं घेऊन केबिनमध्ये जाऊन बसल्या. नेसरी त्यांचं माहेर. "मला भावाच्या दारात सोडा," म्हणाल्या. सयाजीनं मागं जाऊन बघितलं, तर सगळ्या मालावर ताडपत्री घट्ट आवळलेली होती. आई माहेरी उतरेल, टेम्पो पुढं जाईल, आणि आजवर एमआयडीसीत पाऊल न टाकलेली बाई आपलाच दगड तीनशे वेळा बघणार कुठनं? गडहिंग्लज मागं पडेपर्यंत त्या राजमतीकाकूंच्याच नावानं बोलत होत्या.

नेसरीच्या स्टँडवर महसूलची गाडी आडवी लावलेली होती. मंडल अधिकारी स्वतः उन्हात उभे. कुणीतरी फोन केला होता की चोरटा दगड येतोय. कुणी केला, हे विचारायची गरजच नव्हती. अमरसिंह समोरच बुलेटला टेकून, हाताची घडी घालून उभा होता.

"काय माल आहे?" साहेबांनी विचारलं.

"दगड," म्हणत सयाजीनं बिल पुढं केलं. तेवढ्यात स्टँडवरची पन्नासेक माणसं जवळ सरकली होती.

"गौण खनिजाचा परवाना? रॉयल्टी भरल्याची पावती? खाण कुठली?"

"खाण न्हाय साहेब. शेड हाय."

"शेडात दगड उगवतो काय?"

साहेबांनी ताडपत्रीची मागची बाजू वर उचलली. ठोकळ्यावरून हात फिरवला, किल्लीनं खरवडून बघितलं, आणि त्यांच्या तोंडून आपसूक "काय दगड आहे" असं निघालं. सयाजीची छाती वीतभर फुगली, आणि पुढच्याच क्षणाला त्याला कळलं की ही छाती आपल्याला दंडासकट तहसीलच्या आवारात नेऊन घालणार आहे. तो हळूच म्हणाला, "साहेब, जरा बाजूला या की."

"बाजूला कशाला? बोल इथंच."

"हितं बोलता येत न्हाय, म्हणून तर."

साहेबांनी शेजारच्या कोतवालाकडं बघितलं. "लिहा. सदर इसमाने आम्हास बाजूला बोलावून आमिष दाखवण्याचा प्रयत्न केला."

संतापानं सयाजीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. आयुष्यात एकदा माणूस खरं सांगायला निघालाय आणि ते आमिष? त्यानं खिशातला कागद काढला, त्यावर 'हे सिमेंट आहे' असं लिहिलं, चार घड्या घातल्या आणि साहेबांच्या हातात द्यायला गेला. साहेब दोन पावलं मागं सरले आणि त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. "कागदात गुंडाळून? पन्नास माणसांत? लाज वाटत नाही?" कोतवालानं तेही लिहिलं.

मग हातोडा आला. सिमेंटचाच आहे, फुटू दे, असं सयाजीनं देवाला सांगितलं. फुटला तर गावाला कळेल, हेही त्याच देवाला सांगितलं. साहेबांनी तीन घाव घातले. तिसऱ्या घावाला हातोड्याचा दांडा मोडला आणि ठोकळ्याचा टवकासुद्धा उडाला नाही. जमलेल्या माणसांत कुणीतरी शाबास म्हणालं. इतका चांगला माल केल्याचा सयाजीला आयुष्यात पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

तेवढ्यात विजयसिंह गाडीतून उतरले. सयाजीला वाटलं, सुटलो. धनी आला, आता धनीच सांगेल.

"हा माल तुमचा?" साहेबांनी विचारलं. "खरा दगड आहे का हा?"

विजयसिंहांनी सयाजीकडं बघितलं. मग बुलेटला टेकलेल्या अमरसिंहाकडं बघितलं. मग खाकरून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हंजे काय! अस्सल. खाणीतला."

"मग दंड होणार आणि गाडी जमा होणार."

"माझी गाडी?" कृष्णात केबिनमधनं उडी मारूनच खाली आला. "माझी गाडी काय म्हणून? सयाजीदा, काय हाय ते बोल की सरळ."

काय बोलणार? दगड म्हणावं तर गाडी जाते. सिमेंट म्हणावं तर ऑर्डर जाते, शेडाला कुलूप लागतं आणि एक तारखेपासून पेंड. बाकीच्या जगातली माणसं आपला माल खरा आहे म्हणून शपथा घेतात. याच्या एकट्याच्या नशिबात आपला माल खोटा आहे हे पटवून देणं आलं होतं, आणि तेही कुणाला ऐकू न जाता. सयाजीला इतका राग आला की कुणावर काढावा हेच सुचेना, म्हणून त्यानं टेम्पोच्या टायरला लाथ घातली आणि अंगठा धरून खाली बसला.

केबिनमध्ये उकडायला लागलं म्हणून झुंबरबाई खाली उतरल्या. टेम्पोच्या मागल्या अंगाला सावली होती. तिथं जाऊन त्यांनी पदरानं तोंड पुसलं, वर बघितलं, आणि पुसायचा हात तसाच राहिला.

"आरं, ह्यो माझा दगड."

साहेब वळले. "आजी, खाण तुमच्या नावावर आहे?"

"कसली खाण? माझा धुण्याचा दगड हाय ह्यो. ही डाव्या कडंची खाच बगा. आमच्या मालकांनी इळ्याला धार लावून लावून पाडलेली. ते गेले त्याला बारा वर्सं झाली. मी अंधारात हात फिरवून सांगंन." त्या बोलता बोलता थांबल्या. त्यांची नजर शेजारच्या ठोकळ्यावर गेली. "ह्यालाबी हाय." मग त्याच्या वरच्यावर. "ह्यालाबी."

लहानपणापासून रोज बघितलेली ती खाच सयाजीला दगडाचाच भाग वाटत आली होती. छिन्नीचा घाव असेल, निसर्ग असेल, असं धरून त्यानं ती साच्यात जशीच्या तशी उतरवली होती. साहेबांनी चष्मा लावला. पहिल्या खाचेत बोट घातलं, दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या. तीनशे दगडांवर एकाच माणसानं एकाच विळ्याला एकाच जागी धार लावलेली होती.

"हे साच्यातलं आहे," साहेब मोठ्यानं म्हणाले. "सिमेंट आहे हे सगळं."

सगळा स्टँड हसला. एसटीच्या खिडकीत बसलेली माणसंही हसली. अमरसिंह बुलेट सोडून पुढं आला. "विजूदादा, बंगल्याच्या तोंडाला धुण्याचा दगड? तीनशे बायका एकदम बसवणार हुतास व्हय?" पंचनाम्याला पंच लागतात म्हटल्यावर त्यानं स्वतःचं पेन काढून पहिली सही केली. विजयसिंह गाडीत बसले, काच खाली केली, "माल परत," म्हणाले आणि काच वर केली.

पण सयाजीचं तिकडं लक्षच नव्हतं. आई त्याच्यासमोर उभी होती.

"आणि खरा कुठं हाय?"

"फुटला."

"कवा?"

"त्याच दिवशी."

झुंबरबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. मग म्हणाल्या, "आठ म्हयनं झालं, मी राजमतीशी बोलले न्हाय. तिच्या नातीच्या बारशाला गेले न्हाय. अन् तू माझ्यासमोर बसून जेवत हुतास." त्यांनी गाठोडं उचललं आणि पुन्हा केबिनमध्ये जाऊन बसल्या. भावाचं घर तिथून हाकेवर होतं, तरी त्या गेल्या नाहीत. परतीच्या वाटेवर त्यांनी राजमतीकाकूंचं नाव एकदाही घेतलं नाही, आणि सयाजीला ते येतानाच्या बोलण्यापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सयाजी काकूंच्या दारात गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. काकूंनी ऐकून घेतलं. "फरशी उकरून बघायची का, म्हणून मीच दोनदा विचारणार हुते," एवढंच म्हणाल्या, आणि परड्याच्या दारानं झुंबरबाईंकडं गेल्या. आत काय बोलणं झालं ते कळलं नाही. भांडण ऐकू आलं, मग रडणं, मग चहाची भांडी.

एक तारखेपासून सयाजी शाहूपुरीत पेंड जोखतोय. पंचनाम्याची प्रत त्यानं प्लास्टिकमध्ये घालून गल्ल्यामागच्या भिंतीला लावलीय आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो पहिली ओळ वाचून दाखवतो : 'सदर माल प्रथमदर्शनी नैसर्गिक काळा दगड असल्याचे दिसून आले.' पुढच्या ओळीवर त्यानं कॅलेंडर टांगलंय.

परत आलेल्या तीनशेतला सगळ्यात चांगला निवडून त्यानं एका रविवारी आईच्या परड्यात नेऊन बसवला. खाली वाळू घातली, पाण्याला उतार दिला, हात झटकून बाजूला उभा राहिला. राजमतीकाकूही बघायला आल्या होत्या. झुंबरबाईंनी खाचेवरून बोट फिरवलं. चेहरा जरा मऊ झाला. मग लुगडं भिजवून एकदा आपटलं, दुसऱ्यांदा आपटलं, आणि थांबल्या.

"ह्यो दगड न्हाय," त्या म्हणाल्या.

"आवाजच न्हाय त्येला," काकू म्हणाल्या.

सयाजी तडकलाच. "आई, हातोडा मोडला त्याच्यावर! सरकारी साहेबानं दगड म्हणून पकडलाय. लिहून दिलंय तसं."

"त्येला काय कळतंय," झुंबरबाई लुगडं पिळत म्हणाल्या. "त्यानं कवा धुणं धुतलंय?"

काकूंनी हसत सयाजीपुढं हात पसरला. "आण बघू ते कडं."